डिझेल न पिणारा ट्रक घाट चढेल का?

मुलांनो, आमची शाळा बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. जुना मुंबई-पुणे रस्ता शाळेच्या कुंपणाला लागूनच जातो आणि आमचा चौथीचा वर्ग नेमका रस्त्याच्या बाजूला. त्यामुळे शिकवताना मला मधेच थांबावं लागतं. भरलेला ट्रक आला, ड्रायव्हरनं गिअर टाकला, की इंजिनाचा आवाज खिडकीतून असा काही आत घुसतो की माझी गुणाकाराची पायरी त्यात बुडून जाते. मुलंच मला सांगतात, "बाई, थांबा, ट्रक जाऊ द्या." आमची मुलं इतकी तरबेज झाली आहेत की न बघता सांगतात, "हा रिकामा आहे, बाई" किंवा "हा सिमेंटचा, लई भरलाय." आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं बरं का!

मागच्या वर्षी, म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये, परिपाठात एका मुलानं बातमी वाचली. न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात ५० इलेक्ट्रिक जड ट्रक दाखल झाले, अशी ती बातमी. या ट्रकांची बॅटरी संपली की काढून दुसरी बसवायची. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. तिचे वडील बंदरातून कंटेनर घेऊन घाट चढून चाकणकडे जातात. ट्रक स्वतःचा आहे, म्हणजे हप्ते फिटले की स्वतःचा होणार आहे. ती म्हणाली, "बाई, मग पप्पांच्या ट्रकचं काय होणार?"

मी म्हटलं, "उद्या सांगते."

शिक्षकांचा 'उद्या' म्हणजे काय असतो ते तुम्हाला माहीतच आहे. माझा उद्या यायला दोन महिने लागले. कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेले, तर पोटात आणखी दहा प्रश्न निघाले. ते सगळे आज तुमच्यापुढे मांडते. थोडं गणित येईल, घाबरू नका. चौथीला जमलं, तुम्हालाही जमेल. आई-बाबांना शेजारी बसवा, त्यांचीही उजळणी होईल.

आधी ट्रक कुठला ते ठरवू. कंटेनर वाहणारे लांबलचक ट्रक तुम्ही पाहिलेत ना? ते खरं तर दोन तुकडे असतात. पुढचा ओढणारा भाग. त्याला बंदरावरची माणसं 'हॉर्स' म्हणतात, घोडाच तो. आणि मागची लांब गाडी म्हणजे ट्रेलर. या ट्रेलरला फक्त मागच्या बाजूला चाकं असतात. पुढची बाजू तो घोड्याच्या पाठीवर टेकवतो, म्हणजे अर्धा भार स्वतःचा स्वतः, अर्धा दुसऱ्याच्या पाठीवर! म्हणून अमेरिकेत अशा ट्रकला नुसतं 'सेमी' म्हणतात. सेमी म्हणजे अर्धा. आपल्याकडे असा ट्रक-ट्रेलर मालासकट जास्तीत जास्त ५५ टनांपर्यंत भरायला परवानगी आहे, अमेरिकेच्या महामार्गांवर साधारण ३६ टनांपर्यंत. एवढं धूड विजेवर ओढायचं, हा आपला विषय.

आता घाट. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साधारण ५०० मीटर उंची चढावी लागते. आपला ट्रक मालासकट ४० टनांचा धरू, म्हणजे ४०,००० किलो. एखादं वजन वर न्यायला किती ऊर्जा लागते ते काढायला एक सोपा गुणाकार आहे: वजन किलोत, गुणिले उंची मीटरमध्ये, गुणिले ९.८. उत्तर येतं ज्यूलमध्ये. ज्यूल हे फार चिमुकलं माप आहे, म्हणून त्याला ३६ लाखांनी भागायचं की विजेच्या बिलावरचे 'युनिट' मिळतात. एक युनिट म्हणजे १००० वॉटची इस्त्री तासभर चालवली तर जेवढी वीज जळते तेवढी.

करा बघू. आमच्या वर्गात फळा भरला, खडू संपला, आणि उत्तर आलं सुमारे ५५ युनिट. मी त्या मुलीला घरचं वीजबिल आणायला सांगितलं होतं. तिच्या घरी महिन्याला ९० युनिट जळतात. म्हणजे तिचे पप्पा एकदा घाट चढतात, तेव्हा नुसतं वजन वर न्यायलाच त्यांच्या घरची अर्ध्या महिन्याहून जास्त वीज लागेल! त्यात टायरचं घर्षण, वारा कापणं वगैरे धरलेलंच नाही.

हे ऐकून वर्ग निराश झाला. "मग बॅटरी घाटातच संपेल," एकानं निकाल देऊन टाकला.

पण थांबा, चढलेला ट्रक कधीतरी उतरतोच की! उतरताना काय होतं? डिझेलच्या ट्रकचा ड्रायव्हर ब्रेक दाबतो, खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा अडसर घेतो. ते जे ५५ युनिट चढताना खर्च झाले, त्यांची सगळी उष्णता होते. घाटात ट्रकमागे उभं राहिलात तर जळक्या लायनरचा वास येतो ना, तोच हा खर्च. तुमच्या नाकात शिरलेलं डिझेल! काही ड्रायव्हर चार पैसे वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरतात. तसं मुळीच करू नये असं पाट्या ओरडून सांगतात, कारण मग सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, ब्रेक तापून निकामी होतात, आणि पुढचं आम्ही पायथ्याची माणसं पाहत आलोय. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

इलेक्ट्रिक ट्रक मात्र वेगळीच गंमत करतो. आई-बाबांना सायकलचा डायनामो आठवत असेल. टायरला टेकवला की दिवा लागायचा आणि सायकल जड व्हायची. सायकल जड का व्हायची? कारण पायातली ताकद दिव्यात जात होती. विजेची मोटार उलटी फिरवली की ती असा डायनामो बनते. उतारावर ड्रायव्हर पाय सैल सोडतो, चाकं मोटारीला फिरवतात, मोटार वीज तयार करून बॅटरीत परत भरते, आणि सायकल जशी जड होते तसा ट्रक आपोआप आवरला जातो. ब्रेकला फारसं काम उरतच नाही. सगळे ५५ युनिट परत मिळत नाहीत हं, पण ३० ते ३५ मिळायला हरकत नाही. डिझेलच्या टाकीत घाट उतरून कधी एक थेंब तरी वाढलाय का?

स्वित्झर्लंडमध्ये बील शहराजवळ डोंगरावर चुन्याच्या दगडाची खाण आहे आणि सिमेंटचा कारखाना खाली. तिथे डिझेलच्या एका मोठ्या डंपरमध्ये सुमारे ६०० युनिटची बॅटरी बसवली. तो रिकामा वर जातो, सुमारे ६५ टन दगड घेऊन खाली येतो. येताना इतका जड असतो की उतारावर तयार झालेली वीज त्याला पुन्हा रिकामा वर जायला पुरते, आणि वर काही उरते! चार्जिंगची गरजच नाही. ही जादू नाही आणि फुकटही नाही. तो दगड लाखो वर्षं उंचावर बसला होता, त्या उंचीचे पैसे ट्रकनं वसूल केले, इतकंच. आमच्या वर्गानं लगेच विचारलं, "मग आपल्या घाटात असं होईल?" विचार करा. आपलं बंदर खाली आहे. तिथून भरलेला कंटेनर घाट चढतो, आणि येताना बऱ्याचदा ट्रक रिकामा किंवा हलका. म्हणजे स्वित्झर्लंडच्या बरोब्बर उलट! निर्यातीचा माल घेऊन उतरणाऱ्या ट्रकाला मात्र चांगली वसुली होईल.

आता बॅटरीकडे वळू, कारण खरी अडचण तिथेच आहे. एक किलो डिझेलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. एक किलो बॅटरीत ०.१५ ते ०.२ युनिट. केवढा फरक! नशीब एवढंच, की डिझेलचं इंजिन त्यातली निम्म्याहून अधिक ऊर्जा नुसती तापण्यात घालवतं आणि मोटार जवळजवळ सगळी वापरते. तरीही ५०० किलोमीटर जायचं तर सुमारे ६०० युनिटची बॅटरी लागते, आणि तिचं वजन भरतं जवळपास चार टन. इंजिन, गिअरबॉक्स, डिझेलची टाकी काढली म्हणून त्यातले दोनेक टन वजा होतात. उरले दोन टन. दोन टन म्हणजे सिमेंटच्या ४० गोणी. ट्रकचं एकूण वजन कायद्यानं बांधलेलं, त्यामुळे दर फेरीला ४० गोणी खाली ठेवून जायचं. त्या गोणींचं भाडं कोण देणार?

म्हणूनच अमेरिकेत पेप्सीको कंपनीनं काय केलं ते बघण्यासारखं आहे. टेस्ला कंपनीनं आपला सेमी ट्रक नोव्हेंबर २०१७ मध्ये दाखवला. ड्रायव्हर केबिनच्या अगदी मधोमध बसतो, डावीकडे नाही आणि उजवीकडेही नाही! २०१९ मध्ये देतो म्हणाले, पहिले ट्रक पेप्सीकोला मिळाले १ डिसेंबर २०२२ ला. (माझा 'उद्या' बरा म्हणायचा.) मोठ्या संख्येनं बनवायचा वायदा तर २०२६ पर्यंत लांबला. तर पेप्सीकोनं कॅलिफोर्नियात सुरुवातीला या ट्रकांत वेफर्स भरून ते सुमारे ६८० किलोमीटरपर्यंत धाडले, आणि शीतपेयांच्या बाटल्या भरल्या तेव्हा जेमतेम १६० किलोमीटरच्या फेऱ्या केल्या. का बरं? वेफर्सच्या पुड्यांत हवाच जास्त, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक! ट्रक भरून वाहतो तरी वजन होत नाही. बाटल्यांचं तसं नाही. म्हणजे 'इलेक्ट्रिक ट्रक चालेल का' हा प्रश्नच अर्धवट आहे. काय भरून, कुठे, किती लांब, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अशाच एका ट्रकनं मधे मधे चार्जिंग करत एका दिवसात १,०७६ मैल, म्हणजे सुमारे १,७३० किलोमीटर मजल मारली, हेही सांगायला हवं. ट्रक नुसता दिखाऊ नाही.

दिखाऊ ट्रकाचीही गोष्ट आहे. अमेरिकेतल्याच निकोला नावाच्या कंपनीनं २०१८ मध्ये आपला नवा ट्रक झोकात रस्त्यावर धावतानाची फिल्म दाखवली. लोक भुलले, कंपनीच्या शेअरमध्ये पैसे घातले. २०२० मध्ये बिंग फुटलं. ट्रक स्वतःच्या बळावर चालतच नव्हता, त्याला उतारावर नेऊन सोडून दिला होता! आपण लाकडी गाडी उतारावर सोडतो तसा. कंपनीच्या संस्थापकाला फसवणुकीबद्दल २०२२ मध्ये न्यायालयानं दोषी ठरवलं, २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली, आणि त्याच वर्षी कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. आमच्या वर्गाला ही गोष्ट एवढी आवडली की आता कोणी गृहपाठ दुसऱ्याचा उतरवून आणला की बाकीचे ओरडतात, "बाई, उतारावर सोडलाय!"

बरं, बॅटरी संपली की भरायची कशी? डिझेल भरायला दहा मिनिटं पुरतात. ६०० युनिट पाऊण तासात भरायचे तर ८०० किलोवॉटचा जोर लागतो. एका घराचा वीजभार २ किलोवॉट धरा. एक ट्रक चार्जिंगला लागला म्हणजे ४०० घरं एकदम! असे दहा ट्रक एका ढाब्यावर लागले तर तिथे सबस्टेशनच उभं करावं लागेल. युरोपात पाऊण तास हा आकडा महत्त्वाचा, कारण तिथल्या कायद्यानं साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. ड्रायव्हर जेवतो तेवढ्यात ट्रकही जेवतो. जर्मनीच्या मर्सिडीझ-बेंझनं २०२३ मध्ये दाखवलेला ट्रक नेमका या हिशेबानं बांधलाय: ६०० युनिटहून थोडी मोठी बॅटरी, एका दमात ५०० किलोमीटर, मग विश्रांती. एवढ्या मोठ्या ताकदीच्या चार्जिंगसाठी वेगळं 'मेगावॉट' सॉकेटही २०२२ मध्ये जगापुढे आलं. आपल्या ड्रायव्हरला कायद्यानं विश्रांती किती मिळते यापेक्षा खरोखर किती मिळते, हा विषय काढला तर लेख तिकडेच जाईल.

चिनी लोकांनी दुसरी युक्ती काढली. तिथे अनेक ट्रकांत बॅटरी केबिनच्या मागे उभ्या कपाटासारखी असते. ट्रक केंद्रावर आला की यंत्र ती वरच्या वर उचलतं आणि भरलेली दुसरी ठेवतं, पाचेक मिनिटांत. आपण गॅसचं रिकामं सिलिंडर देऊन भरलेलं घेतो ना, तसंच. चीनमध्ये २०२५ साली विकल्या गेलेल्या दर चार-पाच नव्या जड ट्रकांतला एक विजेवरचा होता. अमेरिका-युरोपच्या कितीतरी पुढे! न्हावाशेवाच्या ट्रकांना हीच बॅटरी-बदल पद्धत आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चाकणला मुंबई-पुणे रस्त्यासाठी अशाच बदलत्या बॅटरीच्या जड ट्रकाची सुरुवात झाली. म्हणजे आमच्या खिडकीखालून जाणारा रस्ताच की हो!

तेवढ्यात एका हुशार पोरानं विचारलं, "बाई, आपली लोकल कुठे बॅटरी घेऊन फिरते? वर तार असते. ट्रकला तार का नाही?" अगदी बरोबर. आपल्या घाटातून तर विजेची आगगाडी १९३० च्या सुमारापासून धावते आहे. तेव्हाच्या मालगाडीच्या इंजिनाला त्याच्या चालीवरून आणि आवाजावरून लोक 'खेकडा' म्हणायचे. जर्मनीत फ्रँकफर्टजवळ महामार्गावर तारा लावून ट्रकांची चाचणी २०१९ पासून २०२४ पर्यंत झाली. ट्रक तारेखाली आला की छपरावरची दांडी वर जायची, तार सुटली की खाली. चाललं चांगलं, पण सगळ्या देशात तारा कोण लावणार, म्हणून ते तिथेच थांबलं. माझं विचाराल तर कोळसा, धान्य, लोखंड असला लांबचा जड माल रेल्वेनंच जावा. ट्रकनं शेवटचा टप्पा करावा. पण माझं कोण विचारतंय!

आगीबद्दल पालक हमखास विचारतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात घाटरस्त्यावर एक टेस्ला सेमी रस्ता सोडून झाडावर आदळला आणि बॅटरी पेटली. माणसं सुखरूप राहिली, पण विझवायला जवळपास १ लाख ९० हजार लिटर पाणी लागलं आणि महामार्ग कित्येक तास बंद राहिला. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरनं मोजा: एकोणीस टँकर. उन्हाळ्यात आमच्या वाड्यांना आठवड्याला तेवढे मिळत नाहीत. अर्थात डिझेलचे ट्रकही पेटतात, आणि आता बऱ्याच जड ट्रकांत घातल्या जाणाऱ्या लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या सहजी पेट घेत नाहीत.

आणि धूर? ट्रकच्या नळकांड्यातून धूर येणार नाही, आमच्या वर्गाची खिडकी उघडी राहील, हे तर खरंच. पण आपल्या देशातली सुमारे सत्तर टक्के वीज अजून कोळशावर तयार होते. घाटातला धूर चंद्रपूरला गेला, असंही म्हणता येईल. मी हिशेब करून पाहिला, तर आजच्या विजेवर चालणारा जड ट्रक आणि डिझेलचा ट्रक यांच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये फार मोठी तफावत पडत नाही. सूर्य आणि वाऱ्यापासून वीज वाढेल तशी ती वाढत जाईल. डिझेलचा ट्रक मात्र दहा वर्षांनीही तेवढाच धूर सोडेल, किंबहुना जुना झाल्यावर जास्त.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. त्या मुलीचे वडील. नोव्हेंबरात पालकसभेला आले होते, त्यांना मी थांबवून घेतलं. बापलेक बाकावर, मी खुर्चीवर, मधे चौरेघी वही.

"ॲव्हरेज किती पडतं?" मी विचारलं. "भरून अडीच, रिकामं तीन-सव्वातीन," ते म्हणाले. म्हणजे लिटरला सरासरी पावणेतीन किलोमीटर. डिझेल ९० रुपये धरलं तर किलोमीटरला साधारण ३३ रुपये. विजेच्या ट्रकाला किलोमीटरला १.३ युनिट लागतात असं धरू आणि युनिटचा दर १० रुपये. झाले १३ रुपये. वाचले किती? २० रुपये, दर किलोमीटरला! मुलीचे डोळे चमकले.

पण विजेचा ट्रक डिझेलच्या ट्रकापेक्षा दुप्पट-तिप्पट महाग असतो. जास्तीचे ६० लाख धरले, तर किती किलोमीटर धावल्यावर ते वसूल होतील? ६० लाख भागिले २०. तीन लाख किलोमीटर. रोज ३०० किलोमीटर धावला तर १,००० दिवस, म्हणजे तीन वर्षांच्या आतच. गंमत लक्षात आली का? जो ट्रक खूप धावतो त्यालाच वीज परवडते, आणि बॅटरी खूप धावू देत नाही! म्हणून ठरलेल्या रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्यांना, ज्यांच्या दोन्ही टोकांना बॅटरी बदलायची सोय आहे त्यांना, हे आधी जमणार.

"रोज तीनशे?" तिचे वडील हसले. "बाई, महिन्याला पंधरा फेऱ्या झाल्या तरी देव पावला म्हणायचं. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर. बाकीचे दिवस गोदामाच्या दारात रांगेत. तिथं मीटर पळत नाही."

मुलीनं लगेच मांडलं. १५ गुणिले २५०, महिन्याला ३,७५० किलोमीटर. तीन लाखांना त्यानं भागलं. ऐंशी महिने, म्हणजे सहा वर्षं आठ महिने. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं इलेक्ट्रिक ट्रकांना जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपयांची मदत जाहीर केली आहे, देशभरात सुमारे ५,६०० ट्रकांसाठी, आणि त्यासाठी जुना ट्रक मोडीत काढल्याचा दाखला लागतो. ती मदत धरूनही साडेपाच वर्षं. शिवाय बँक एवढं कर्ज एका ट्रकवाल्याला देईल का? आपल्या देशातले बहुतेक ट्रकमालक एक ते पाच ट्रकांचेच धनी आहेत. शंभर ट्रकांची कंपनी जे करू शकते ते त्यांना जमेलच असं नाही. बॅटरी विकत न घेता भाड्यानं घ्यायची सोय झाली तर चित्र बदलेल. पण त्या भाड्याचा आकडा वहीत मांडल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

माझा चेहरा पडलेला बघून तेच म्हणाले, "मी बसलो होतो त्या गाडीत. बंदरात ओळखीचा ड्रायव्हर आहे." मग बराच वेळ सांगत राहिले. आवाज नाही. केबिन हलत नाही. भरलेला ट्रक जागेवरून उचलायला अजिबात झटका नाही. आणि क्लच नाही! बावीस वर्षं घाटात क्लच दाबून त्यांचा डावा गुडघा गेलाय, जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. "त्याला विचारलं, डावा पाय काय करतो रे? तर म्हणाला, काही नाही, नुसता असतो."

मुलीला हसू आवरेना. मग एकदम गप्प झाली. तिच्या मामाचं खोपोलीत गॅरेज आहे. लायनर बदलणं, क्लचप्लेट, पंप, नोझल, ऑइल. तिनं एकेक नाव वहीत लिहिलं आणि विचारलं, "बाई, यातलं विजेच्या ट्रकात काय काय असतं?" आम्ही एकेक नाव खोडत गेलो. ब्रेक लायनर उरलं, तेही क्वचित बदलायचं. टायर उरले. बाकी सगळ्यावर काट. मामांना मोटार आणि बॅटरीचं काम कोण शिकवणार, हे तिला मी सांगू शकले नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहनांचे वर्ग सुरू झाले आहेत, पण मामा सेहेचाळीस वर्षांचे आहेत.

निघताना मी वडिलांना विचारलं, "हप्ते किती राहिले?" म्हणाले, "चार वर्षं." मुलीनं बोटं मोजली. तेव्हा ती आठवीत असेल. "तोपर्यंत बॅटरी स्वस्त झाली तर ६० च्या जागी दुसरा आकडा घालायचा," ती म्हणाली आणि वहीतली त्या आकड्याची जागा खोडून चौकट काढून ठेवली. चौकट अजून रिकामी आहे. बाहेर एक ट्रक गिअर बदलत होता. "भरलेला," ती म्हणाली, न बघताच.